उत्पन्न किती? तलाठ्याला माहीत नाही, सरकारला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नाही

काजूबोंडू (रत्नागिरी)
मंडळी, गेल्या आठवड्यात थोरल्या भावासोबत सेतूत गेलो होतो. पुतण्याच्या फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. भाऊ गावी बाग बघतो, मी इथे नोकरी करतो. रांगेत आमच्या पुढे एक ओळखीचे बागायतदार, दोन पिकअप, वर्षभरापूर्वी बांधलेलं घर, मे महिन्यात खळ्यात पेट्यांची थप्पी पडवीच्या वाशाला टेकते. त्यांच्या दाखल्यावर आकडा अठ्ठेचाळीस हजार. वर्षाचे, महिन्याचे नव्हेत. त्यांच्या मागे एक मासे विकणाऱ्या बाई, नवरा बोटीवर खलाशी. त्यांचाही अठ्ठेचाळीस हजार! आणि माझा पगार मात्र कंपनीने परस्पर आयकर खात्याला कळवलेला, शेवटच्या रुपयापर्यंत.
मी हे जळून लिहीत नाहीये (थोडं जळून लिहितोय). पण घरी येताना डोक्यात हाच किडा वळवळत होता की स्लॅब किती ठेवायचा, सूट कोणाला, लाडकी बहीणला अडीच लाखांची मर्यादा का, दीड का नाही, हे ठरवताना समोर कुठला आकडा असतो? कोण किती कमावतं हेच माहीत नसेल तर कर ठरवणं म्हणजे अंदाज पंचे नव्हे का? जाणकारांनी लिहावं. राजकारण नको.

खेकड्याची_नांगी
४८ हजार हा कोकणचा राष्ट्रीय आकडा आहे. माझ्या आजोबांच्या दाखल्यावर बारा हजार होता, महागाई धरून बरोबर बसतो.

तिरफळ (मालवण)
"राजकारण नको" म्हणान कराचो धागो काढलास? आता दोनशे प्रतिसाद नक्की. चहा ठेवतंय.

मोहोर (देवगड)
काजूबोंडू, पेट्यांची थप्पी बघितलीत, फवारणीचं बिल बघितलंत का? नोकरदारांना वाटतं झाडाला पैसे लागतात आणि आम्ही खाली टोपली धरून उभे असतो. जरा हिशोब ऐका. पावसाळा संपला की बेणणी, मग पालवी आली की तुडतुड्यावर फवारणी, मोहोर आला की परत, थ्रिप्स आला की परत, मध्येच अवकाळी पडला की पहिली सगळी धुऊन गेली म्हणून परत. डिसेंबरपासून राखणीला गुरखा ठेवायचा, त्याचा पगार, त्याचा शिधा. मग काढणी, खोकी, गवत, गाडीभाडं, वाशीत दलाली, हमाली, तोलाई. पट्टी (दलालाकडचा विक्रीचा हिशोब) हातात येते तेव्हा भाव काय लागलाय ते कळतं, म्हणजे माल गेल्यावर. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा भर हंगामात एका रात्रीत झाडाखाली आंब्यांचा सडा पडला होता, कॅनिंगवाल्याने मागितलेला भाव आठवला तरी आजही डोकं फिरतं. तर माझं उत्पन्न किती ते कुठल्या वर्षाचं विचारताय ते आधी सांगा.
आणि हो, माझ्याही दाखल्यावर पन्नासच आहे. खोटं बोलत नाही.

खेकड्याची_नांगी
"खोटं बोलत नाही" आणि "पन्नासच आहे" एकाच ओळीत. दंडवत.

डेबिटक्रेडिट (कुडाळ)
दिवसभर हेच काम करतो म्हणून लिहितो, थोडं लांबेल.
शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून बाहेर आहे, १९६१ च्या कायद्यात ते कलम १०(१) होतं. हे कोणाच्या मेहेरबानीने नाही, घटनेनेच शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांकडे दिलाय. मात्र १९७३-७४ पासून एक मधला मार्ग आहे. तुमचं इतर उत्पन्न करपात्र असेल आणि शेतीचं पाच हजारांच्या वर असेल तर दर ठरवताना ते धरतात, कर त्याच्यावर नाही पण बाकीचं उत्पन्न वरच्या स्लॅबला ढकललं जाऊ शकतं. म्हणून नोकरी प्लस बाग असलेल्यांनी साधा आयटीआर-१ भरायचा नसतो. आणि पाच लाखांच्या वर शेती दाखवली की फॉर्ममध्ये जमीन कुठल्या जिल्ह्यात, पिनकोड, क्षेत्र किती, स्वतःची की भाड्याची, बागायत की जिरायत, सगळं विचारतात.
म्हणजे आकडे खात्याकडे आहेत, पण फक्त रिटर्न भरणाऱ्यांचे. ज्याचं फक्त शेतीचंच उत्पन्न आहे त्याला रिटर्न भरायची गरजच नाही, मग तो चाळीस हजारवाला असो की चाळीस लाखवाला. तो कुठल्याच कागदावर येत नाही. धागालेखकाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.
आता कोकणातली गंमत. आंबा विकला तर शेती. त्याचा पल्प काढून डबे भरले तर धंदा. काजू बी विकली शेती, फॅक्टरीत गर काढून पॅकिंग केलं तर तो भाग धंदा. मालकाने बाग खंडाने दिली तर त्याचे पैसे शेतीचे, पण ज्याने नुसती झाडावरची तयार फळं विकत घेतली, जमिनीशी संबंध नाही, मशागत नाही, त्याचा नफा व्यापाराचा. माझ्याकडे असे येतात, "साहेब आंबाच आहे ना" म्हणतात. आंबा तोच, कर वेगळा.
आणि मासेमारी शेतीत येत नाही. समुद्र कोणाच्या सातबाऱ्यावर नाही :)

पापलेट (हर्णै)
शेवटची ओळ बरोबर, त्यावर आमच्यावर काय काय बेतलंय ते नंतर सांगतो, लिलावाची वेळ झाली.

सोलकढी_बिनमिरची (पुणे)
मला हा सगळा डेटा-डेटा प्रकार ओव्हररेटेड वाटतो. उत्पन्न लपवता येतं, खर्च लपवता येत नाही. बागायतदार असो की खलाशी, साबण घेतला, मोबाईल घेतला की जीएसटी भरतोच. डिझेलवर वेगळा. तेवढ्यावर भागवा, उत्पन्न विचारायची भानगडच नको.

काजूबोंडू
सोलकढी, भानगड हीच की साबणावर मी भरतो तेवढाच ती मासेवाली भरते आणि तेवढाच तो पिकअपवाला. कोणाच्या कमाईतला किती हिस्सा त्यात जातो ते कसं कळणार? आता २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर खाली आणले, चांगलं झालं, पण त्यातले किती पैसे कोणाच्या घरात राहिले हे सांगायला परत उत्पन्नाचा आकडा लागणारच ना.

आकडेमोड (अलिबाग)
काजूबोंडूशी सहमत, त्यात भर घालतो.
२०२५ च्या बजेटमध्ये नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य केला तेव्हा अर्थमंत्र्यांनी सांगितलं की प्रत्यक्ष करात साधारण एक लाख कोटी सोडावे लागतील. हा आकडा कसा काढता आला? कारण रिटर्न भरणारे कोण, कुठल्या स्लॅबमध्ये किती, हे खात्याला पाठ आहे. सूट ज्याला द्यायची त्याचा पत्ता माहीत होता. पण सूट न मिळालेल्यांचं काय, ज्यांचं उत्पन्न आधीच कराच्या खाली होतं, ते किती, त्यांच्यात गरीब कोण आणि न दिसणारे श्रीमंत कोण, हे त्या हिशोबात येतच नाही. धोरण दिसणाऱ्यांभोवती फिरतं, मग कर वाढवायचा असो की कमी करायचा.
आणि जे खात्याला माहीत आहे तेही आपल्याला कुठे माहीत होतं? आयकराची सविस्तर आकडेवारी पूर्वी छापली जायची, २००० च्या आसपास ते बंद पडलं. मग थेट एप्रिल २०१६ मध्ये परत वेबसाइटवर टाकली. त्यावरून शान्सेल आणि पिकेटी या अर्थतज्ज्ञांनी १९२२ पासूनचा हिशोब मांडला, वरच्या एक टक्क्याकडे २०१३-१४ मध्ये एकूण उत्पन्नाचा साधारण २२ टक्के वाटा. त्यावर लगेच वाद, की भारतात रिटर्न भरणारे मूठभर, त्यावरून सगळ्या देशाचं कसं सांगता, मधली भर खर्चाच्या सर्वेक्षणावरून घातली आहे वगैरे. वाद बरोबरच आहे. पण तो मिटवायला लागणारा आकडा कोणाकडेच नाही, म्हणून दोन्ही बाजू आपापलं ओढतात.

सोलकढी_बिनमिरची
पण इतकी सर्वेक्षणं होतात ना? मग त्यांचं काय होतं?

घरोघरी (सावंतवाडी)
इतके दिवस नुसती वाचत होते, यावर लिहायलाच हवं. मी काही काळ कंत्राटावर खर्चाच्या सर्वेक्षणाचं काम केलंय, टॅब्लेट घेऊन वाडीवाडीत.
आपल्याकडे घराला "खर्च किती" विचारतात, "उत्पन्न किती" नाही. २०२३-२४ चा निकाल आला त्यात खेड्यात माणशी महिना ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६, तो खर्च आहे, लोक त्याला उत्पन्न म्हणून फॉरवर्ड करत होते. खर्च विचारायचं कारण असं सांगतात की १९५० आणि १९६० च्या दशकांत उत्पन्न विचारून बघितलं होतं, पण आलेला आकडा खर्च आणि बचतीपेक्षा कमी भरला. म्हणजे कमावलं शंभर, खाल्लं एकशे वीस आणि वर शिल्लक! म्हणून तो नाद सोडला.
आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. एका घरी गेले, ओटीवर आजोबा. तांदूळ किती? घरचे. नारळ? घरचे. मासे? "गे बाय, मासे शेजारून येतात." म्हणजे विकत? "विकत कसले, त्यांना आम्ही नारळ देतो." टॅबमध्ये घरच्या वस्तूची आणि फुकट आलेल्याची किंमत लावायची सोय आहे, पण सुरमईच्या शेपटीकडच्या तुकड्यांची आणि चार सोललेल्या नारळांची किंमत लावता लावता माझा अर्धा तास गेला. तेवढ्यात आतून सुनेने खुणेने बोलावलं, चुलीपाशी बसवलं आणि हळूच म्हणाली, त्यांना सांगू नका, ह्यांचे मुंबईहून माझ्या खात्यावर येतात, किराणा त्यातूनच भरते. आजोबांच्या लेखी घर बागेवर चालत होतं.
हे एकाच घरातलं. बाहेरच्याला सांगणं लांबच, घरातच एकमेकांना माहीत नसतं.
आणि ज्या बंगल्याला गेट आहे तिथे राखणदार सांगतो मालक मुंबईला. तीनदा गेले, तिन्ही वेळा मालक मुंबईला, तिन्ही वेळा गाडी दारात. वरच्या लोकांचा आकडा सर्वेक्षणात का येत नाही त्याचं माझ्यापुरतं उत्तर ती गाडी आहे.

तिरफळ
घरोघरी, ह्यो प्रतिसाद वाचून आमच्या घरातली बाईलमाणसा गप झालीहत. कोणाच्या खात्यार काय येता ता आज रात्री इचारूचा की नको, ह्या विचारात आसंय.

खेकड्याची_नांगी
नको. अनुभवाचे बोल.

आकडेमोड
मुंबईच्या पैशाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्यावर एक जोडतो. शेतकरी कुटुंबांचं जे सर्वेक्षण होतं त्यात मात्र उत्पन्न विचारतात. २०१८-१९ चं देशाचं सरासरी महिना १०,२१८ रुपये. त्यात पिकांचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. म्हणजे शेतकरी म्हणवणाऱ्या घरात शेतीपेक्षा मजुरीचा पैसा जास्त. बाकी जनावरं, छोटा धंदा आणि जमिनीचं भाडं. बेरीज करून बघा, पाचांत संपते. मुलाने परळहून किंवा दुबईहून पाठवलेल्या पैशाला त्यात रकानाच नाही. कोकणाला हे माप लावून काय मोजणार, आपल्याकडे तर गिरण्या चालू होत्या तेव्हापासून मनीऑर्डर हेच मुख्य पीक.

चाकरमानी_बोरिवली
अवांतर: आमच्या गावचे पोस्टमन काका मनीऑर्डर द्यायला यायचे तेव्हा त्यांना आधी चहा आणि बेसनलाडू, मग घराला. कोणाच्या घरी किती येतात ते अख्ख्या वाडीत फक्त त्यांना ठाऊक. कुठलं सर्वेक्षण घेऊन बसलाय, तो माणूस होता खरा डेटाबेस. आणि तोंडातून कधी एक आकडा काढला नाही त्यांनी.

पापलेट
आलो. आज बांगडा पडेल भावाने गेला, विषय संपला.
आमच्याकडचं असं आहे. बोट आली की आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा, मग उरलेल्याचे वाटे, बोटीचा, जाळ्याचा, तांडेलाचा, खलाशांचा. कधी उरतं, कधी मालकच पदरचे घालतो. जून-जुलै बंदी, मध्ये वादळाचा बावटा लागला की परत बंद. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत येतो तो कधी येईल तेव्हा खरा. मग उत्पन्न कोणत्या महिन्याचं सांगू? एकदा एक माणूस आला होता रोजगाराचं विचारायला, गेल्या तीस दिवसांत धंद्यातून किती मिळाले म्हणे. जुलै चालू होता. मी म्हटलं शून्य. त्याने शून्य लिहिलं. ऑक्टोबरात आला असता तर मी त्याला शेठ वाटलो असतो.
आता दुसरी गोष्ट. आमच्या बायका पाटीवर क्यूआर लावतात. दिवसाला दहा-बारा हजार खात्यात येतात, त्यातले बहुतेक दुसऱ्या दिवशी लिलावात परत जातात. उद्या कोणी बँकेचं स्टेटमेंट बघून म्हणेल हिचं वर्षाचं चाळीस लाख. २०२५ च्या जुलैत बेंगळुरूत हेच झालं ना, यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा, मग दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त रोख". आमच्या बंदरावर ती बातमी मोबाईलवर फिरली आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी क्यूआर पाटीखाली सरकवला.

डेबिटक्रेडिट
पापलेट, घाबरू नका असं म्हणणार होतो पण तुमची भीती अगदीच बिनबुडाची नाही. उलाढाल आणि उत्पन्न यांत गल्लत करणं हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा घोळ. छोट्या धंद्यांना सोय आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ४४एडी), डिजिटल विक्रीच्या ६ टक्के, रोखीच्या ८ टक्के उत्पन्न धरा, वह्या ठेवायची गरज नाही. करदात्याला सोपं. पण त्याचा दुसरा परिणाम असा की माझे निम्मे अशील बरोबर आठ टक्केच कमावतात! होमस्टेवाला आठ, हार्डवेअरवाला आठ, ज्याचा धंदा बुडतोय तोही आठ. हे आकडे वरती जाऊन सांख्यिकी बनतात. उद्या कोणी संशोधक लिहील, कोकणात नफ्याचं प्रमाण आश्चर्यकारकरीत्या समान आढळले.

खेकड्याची_नांगी
४८ हजारनंतर ८ टक्के. कोकणाला आठाचा आकडा लाभतो.

मोहोर
मला एक स्पष्ट विचारायचंय. हे सगळं "चांगला डेटा हवा" म्हणजे शेवटी शेतीवर कर लावायची तयारी आहे ना? आधी मोजतात, मग कापतात.

आकडेमोड
मोहोर, भीती समजते. पण उलट बाजूने बघा. तुम्ही वर लिहिलंत त्यात एका वर्षी नफा, एका वर्षी तोटा. हे कुठेही नोंदलेलं नाही. त्यामुळे नुकसानभरपाई जाहीर करताना हेक्टरी ठोक आकडा लावतात, तुमचा तोटा किती ते कोणी विचारत नाही. मोजलं नाही तर कापतही नाहीत आणि भरतही नाहीत.
आणि कर लावायचाच झाला तर आंब्याची पाच कलमं असलेला आणि पाच हजार कलमं असलेला यांना वेगळं करायला तरी आकडा लागेल. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने शेतीवरच्या कराचा आराखडा दिला होता. त्यातला उत्पन्न जोडून दर काढण्याचा भाग आला, जमिनीच्या धारणेवर कर लावण्याचा भाग तसाच राहिला. पन्नास वर्षं झाली.

मोहोर
तो तसाच राहिला म्हणून देवगड राहिलं असं मी म्हणेन. पण हेक्टरी ठोकचा मुद्दा मान्य.

नॉर्वेकर_मूळ_गुहागर
इथे नॉर्वेत कोणी किती कमावलं, किती कर भरला हे कोणालाही ऑनलाइन बघता येतं. २०१४ पासून एवढंच केलंय की कोणी तुमचं बघितलं तर ते तुम्हाला कळतं. तेव्हापासून डोकावणं एकदम कमी झालं म्हणतात.

तिरफळ
आमच्या वाडीत ह्या चालू केलास तर डोकावणारे कमी होवचे नाय, "माझा का नाय बघलस" म्हणान भांडणा होतली.

चाकरमानी_बोरिवली
आणि गणपतीत आरतीनंतर यादी वाचतील.

घरोघरी
थोडं गंभीर. केंद्राने आता फक्त उत्पन्न विचारणारं देशव्यापी सर्वेक्षण २०२६ मध्ये करायचं जाहीर केलंय, अर्थतज्ज्ञ सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रश्नावलीची चाचणी घेतली, त्यात ९५ टक्के लोकांनी हे प्रश्न फार खासगी आहेत म्हणून सांगितलं आणि आयकराच्या प्रश्नाला तर बहुतेकांनी उत्तरच नाकारलं. मला अजिबात नवल वाटलं नाही. मला विचाराल तर तरी करावं. पण एका घरी एकाच महिन्यात जाऊन नाही, हंगामात एकदा, पावसात एकदा. आणि बाईला वेगळं विचारावं, चुलीपाशी. आणि हो, आकडा आवडला नाही म्हणून गुंडाळून ठेवायचा नाही. २०१७-१८ चा खर्चाचा निकाल दर्जाचं कारण देऊन बाहेरच काढला नव्हता. विचारायला जाणाऱ्याला लोक तोंडावर विचारतात, मागच्या वेळच्या माहितीचं काय केलंत? काय सांगायचं?

सोलकढी_बिनमिरची
घरोघरी, तुमच्या प्रतिसादांनी माझं मत थोडं हललंय. पूर्ण नाही. पण एक विचारतो, फी सवलतीची मर्यादा तर आठ लाख आहे ना? मग दाखल्यावर कोणी अठ्ठेचाळीस-पन्नास हजार लिहायची गरजच काय? दोन-तीन लाख खरे लिहिले तरी सवलत मिळाली असती.

डेबिटक्रेडिट
हा प्रश्न लाखातला. उत्तर रेशनकार्डात आहे. केशरी कार्डाला एक लाखाची मर्यादा, ती कित्येक वर्षं हललेली नाही. एका कागदावर तीन लाख लिहिले की दुसरा कागद खोटा ठरतो. म्हणून सगळ्यात खालच्या मर्यादेत बसेल तो आकडा सगळीकडे चालवायचा. लोकांना लबाडी करायची हौस असतेच असं नाही, पिवळ्या कार्डाची पंधरा हजारांची एक रेघ, एक लाखाची दुसरी, अडीच लाखांची तिसरी, आठ लाखांची चौथी, आणि माणूस एकच.

काजूबोंडू
सगळ्यांचे आभार, धागा एवढा चालेल वाटलं नव्हतं. सोलकढींच्या प्रश्नाने मात्र झोप उडाली. शनिवारी गावी गेलो आणि भावाला म्हटलं वही काढ. तो आधी चिडला, तू कधीपासून इन्कमटॅक्सवाला झालास म्हणून. मग वहिनीने कपाटावरून काढून दिली, लांबट लाल कापडी बांधणीची, मधल्या पानांना औषधाचा वास. पट्ट्या टाचणीने लावलेल्या, फवारणीची बिलं घडी घालून. आम्ही दोघं पडवीत बसून गेल्या तीन हंगामांची बेरीज केली, पहिल्यांदाच, कारण भावानेही कधी केली नव्हती. तो पेट्या मोजतो, पैसे नाही.
पहिलं वर्ष विक्री सहा लाख चाळीस, खर्च चार लाख पंधरा, उरले सव्वादोन लाख. दुसरं वर्ष विक्री दोन लाख नव्वद, खर्च तीन लाख साठ. सत्तर हजारांचा खड्डा, तो सोसायटीच्या कर्जातून आणि वहिनीच्या पाटल्यांतून भरला, हे मला आत्ता कळलं. तिसरं वर्ष विक्री पाच लाख दहा, खर्च तीन नव्वद, उरले एक लाख वीस. तिघांची सरासरी काढली तर वर्षाला एक्याण्णव हजार सहाशे आणि काही. भाऊ दोन मिनिटं आकड्याकडे बघत बसला. म्हणाला, एवढेच?
मग सेतूतून आणलेला भावाचा दाखला समोर ठेवला. तीन वर्षं ओळीने लिहिलेली: ४८,०००, ५०,०००, ५२,०००. दरवर्षी दोन हजारांनी वाढ, एकदम सरळ. ज्या वर्षी पाटल्या गेल्या त्या वर्षीसुद्धा दोन हजारांनी प्रगती.
वर मी ज्या पिकअपवाल्यांबद्दल बोललो ते शब्द मागे घेत नाही, पण त्यांची वही मी बघितलेली नाही हेही खरं.

मोहोर
पाटल्यांचं वाचून बरं नाही वाटलं. वहिनींना नमस्कार सांगा. यंदा मोहोर बरा आहे का तुमच्याकडे?

काजूबोंडू
पालवीच जास्त आलीय. थंडी पडली तर बघू.